मोठा नंबर आधी

आमच्या घरात सगळा घोळ सुरू झाला तो 'डिक्शनरी' या शब्दावरून. सूनबाई म्हणाली, "बाबा, ही सगळी कामं आपण एका डिक्शनरीत ठेवू." हे उठले, स्टुलावर चढले, कपाटावरचा जाडजूड शब्दकोश खाली काढला, फुंकर मारून त्याची धूळ उडवली आणि तिच्यासमोर आणून ठेवला. "घे, ठेव," म्हणाले. सूनबाई शब्दकोशाकडे बघतेय, हे सूनबाईकडे बघताहेत, आणि मी ओलं फडकं हातात घेऊन दारात उभी राहून दोघांकडे बघतेय. हसावं तर थट्टा कोण कोणाची करतंय तेच कळेना.

हे म्हणजे आमचे हे. चष्म्याची भिंगं घासण्यात यांची हयात गेली. कारखाना कारखाना म्हणतात, पण बघायला गेलं तर एक लांबट खोली आहे. एका भिंतीला ओळीने घासायची चाकं, त्यांच्यावर सतत ठिबकणारं पाणी, खिडकीखाली बाक, आणि जिथे बोट लावाल तिथे पांढरा गाळ. आजूबाजूच्या चष्म्याच्या दुकानांतून कामं येतात. प्रत्येक कामाचा एक ट्रे: त्यात फ्रेम, कच्ची भिंगं आणि नंबराचा कागद. हे चाकावर बसत आणि भिंग घासून त्यात तो नंबर आणत. थोरले मालक होते तेव्हा यांना आपला उजवा हात म्हणायचे.

यांना माणसं नावाने लक्षात राहत नाहीत, नंबराने राहतात. रस्त्यात कोणी हात केला आणि मी विचारलं, "कोण हो हे?" तर सांगणार, "मायनस चार. डावा जरा जास्त." बँकेतली बाई म्हणजे प्लस अडीच. आमच्या मुलाच्या वर्गशिक्षिकेला हे शेवटपर्यंत 'त्या दोन्ही डोळ्यांना वेगळा नंबर असणाऱ्या' म्हणत राहिले. लग्नानंतर यांनी मला पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? "वाचताना डोकं दुखतं का?" मी कोणत्या माणसाच्या घरी येऊन पडले आहे ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गेल्या वर्षी यांचा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही. कप बशीवर ठेवताना किणकिण व्हायची, इतकंच. पण त्या गोष्टीबद्दल आमच्या घरात कोणी चकार शब्द काढायचं नाही. हे हात खिशात घालायचे आणि मी खिडकीबाहेर बघायचे. मग घासलेल्या भिंगांच्या कडांचे टवके उडायला लागले. यांनी चाकाला दोष दिला. मालकांनी चाक बदललं. नव्या चाकावरही टवके उडाले.

आताचे मालक म्हणजे थोरल्यांचा मुलगा. लहानपणी यांच्या मांडीवर बसून चाकं फिरताना बघायचा, यांना काका म्हणतो. त्यामुळे बिचाऱ्याची जीभ रेटेना. शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही आता टेबलाशी बसा. रोजच्या कामांचा क्रम लावून द्या. कारकून सोडून गेल्यापासून सगळी सरमिसळ झालीये. महिनाभर बघू. जमलं तर उत्तमच, नाही जमलं तर..."

"तर काय?" मी यांना विचारलं.

"तर काही नाही. त्याने चहा मागवला."

मला काय समजायचं ते समजलं. आता कोणी म्हणेल, घरी बसले तर बसले, वय झालंच आहे. माझं म्हणणंही वरवर तेच होतं. म्हणजे हा माणूस दिवसभर घरात माझ्या पायात पायात करणार या कल्पनेनेच मला धडकी भरली होती. पण खरी भीती वेगळीच होती. चाक सुटलं त्या संध्याकाळी हे खिडकीत बसले होते. समोरच्या रस्त्यावरून केवढी तरी चष्मेवाली माणसं गेली. यांनी एकाचाही नंबर सांगितला नाही. मी मुद्दाम म्हटलं, "अहो, तो बघा, केवढी जाड काच!" हे म्हणाले, "असेल."

सूनबाई आमच्याकडे नवीनच होती. मुलाची नोकरी फिरतीची, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. म्हणजे नक्की काय करते ते मला आजवर कळलेलं नाही. दिवसभर खुर्चीत बसून असते आणि संध्याकाळी ओझी वाहिल्यासारखी दमलेली असते. बोलायला मोजकी. मी दहा वाक्यं बोलावी तेव्हा ती एक बोलणार, आणि ते एकही मी म्हटलेल्याला धरून असेलच असं नाही. तिने आपण होऊन आपला जुना लॅपटॉप यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, दुकानांकडून कामं संगणकावरच येतात ना? मग क्रमही त्यालाच लावू दे. चार ओळींचं काम आहे."

ते चार ओळींचं काम. त्यातलाच पहिला शब्द डिक्शनरी.

"या डिक्शनरीत अर्थ नसतात, बाबा," सूनबाईने शब्दकोश हळूच बाजूला सरकवला. "एक नाव असतं, आणि त्या नावाखाली आपण ठेवू ते असतं."

"काय ठेवायचं?"

"काहीही. आत आणखी एक डिक्शनरीसुद्धा."

"शब्दकोशात शब्दकोश?"

"हो."

यांनी बाजूचा शब्दकोश उघडून त्याची पानं चाळली. मग म्हणाले, "एवढी पानं छापणार कोण?"

सूनबाईने दोन्ही हातांनी आपलं कपाळ दाबलं. मग तिची नजर माझ्या शिवणाच्या ट्रेवर गेली. तो कारखान्यातलाच, जुना, कोपरा फुटलेला. मी त्यात रिळं ठेवते. तिने रिळं टेबलावर ओतली. (ती मला नंतर तासभर सोडवत बसावी लागली, पण ते जाऊ द्या.) "हा ट्रे. याच्या कडेला काय चिकटवता?"

"गिऱ्हाइकाचं नाव."

"आणि आत?"

"नंबर, तारीख, दुकान, फ्रेम."

"झालं तर. असे सगळे ट्रे फळीवर मांडले की ती फळी म्हणजे बाहेरची डिक्शनरी. एकेक ट्रे ही आतली. क्रम लावायचा तो कडेचं नाव बघून नाही. प्रत्येक ट्रेमध्ये डोकवायचं, आतला नंबर बघायचा आणि अख्खा ट्रे उचलून जागेवर ठेवायचा. आतलं काही बाहेर काढायचं नाही."

"मग सरळ ट्रे म्हण की!" हे म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात डिक्शनरीला ट्रे म्हणतात, आणि कपाटावरचा शब्दकोशही बिचारा मोठा ट्रे झाला आहे.

"कोणता नंबर आधी हवा?" तिने विचारलं.

"मोठा नंबर आधी. मोठ्या नंबराचं भिंग जास्त घासावं लागतं. सकाळी चाकावर चढलं तर संध्याकाळी उतरतं. बारीकसारीक नंबर मधे मधे होऊन जातात."

तिने टकटक करून काहीतरी लिहिलं. हे दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काखेत मारून, नवी वही मिळालेल्या पोरासारखे कारखान्यात गेले. संध्याकाळी परत आले ते लॅपटॉप टेबलावर टाकून सरळ आतल्या खोलीत. चहालासुद्धा बाहेर येईनात.

झालं होतं असं. आमच्या भागातल्या पोस्टमनला मायनस अकराचा नंबर. त्याचा एकुलता एक चष्मा फुटलेला. अकरा म्हणजे समोर धरलेल्या हाताची बोटं मोजता येत नाहीत. बिचारा पिशवी घेऊन दारोदार फिरत होता आणि पत्ता वाचायचं सोडून लोकांनाच पाकीट दाखवून विचारत होता, "हे तुमचंच का?" संध्याकाळी तो चष्मा न्यायला आला, तर त्याचा ट्रे रांगेत सगळ्यात शेवटी. भिंगाला पाणीसुद्धा लागलेलं नव्हतं. तो टेबलाची कड चाचपत उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही असताना माझा नंबर शेवटी?" मालक बाजूलाच उभे होते. त्या रात्रीचं काम दुसऱ्याच कोणीतरी जादा थांबून केलं.

"अहो, पण रांग तुम्ही बघितली नव्हती का?" मी विचारलं.

"बघितली ना. अकरा सगळ्यात खाली, साडेनऊ त्याच्या वर. मला चमत्कारिक वाटलं. पण म्हटलं, यंत्राला काहीतरी कळत असेल. आपल्याला तरी हल्ली कुठे काय कळतंय?"

हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. मी तडक सूनबाईकडे गेले. ती आली, आकडे बघितले आणि म्हणाली, "बरोबर आहे की. मोठा आधी. प्लस सहा सगळ्यात वर, मग प्लस तीन, मग मायनस एक, आणि मायनस अकरा सगळ्यात लहान."

"अकरा लहान?" हे आतून गरजले.

"उणे अकरा, बाबा. शून्याच्याही खाली. उणे एकपेक्षा लहानच."

"कोण म्हणतं?"

"गणित."

"मग त्या गणिताला चष्मा लाव! अगं, मायनस म्हणजे कमी नव्हे. मायनस म्हणजे मधे खोल घासलेलं भिंग. प्लस म्हणजे मधे फुगीर. अकरा ते अकराच! मोठा नंबर!"

मी दोघांच्या मधे उभी. हिचं ऐकलं की हिचं पटायचं, यांचं ऐकलं की यांचं. शून्याच्या खालचा आकडा मोठा कसा, आणि ज्याला आपली बोटं दिसत नाहीत त्याचा नंबर लहान कसा? विचार करून करून माझ्या नाकी नऊ आले, आणि ते अधिक नऊ की उणे नऊ तेसुद्धा मला सांगता आलं नसतं.

सूनबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग अचानक खुदकन हसली. तिला मी आमच्या घरात हसताना पहिल्यांदा बघत होते. "बाबा, तुम्ही म्हणता तेच बरोबर. चिन्ह काढून टाकते."

"खबरदार!" हे आता बाहेरच आले. "चिन्ह काढलंस तर पोस्टमनला प्लस अकराचं भिंग जाईल. भिंतीवर आपटेल तो!"

"काढत नाही, झाकते." तिने कागदावर उणे चिन्ह आणि पुढे अकरा लिहिले आणि चिन्हावर अंगठा ठेवला. "क्रम लावताना फक्त एवढंच बघायचं. लावून झालं की अंगठा उचलायचा. ट्रेमध्ये होतं ते तसंच. बदललं काहीच नाही, फक्त मोजताना झाकलं."

हे त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे असं चालतं तुमच्यात?"

"चालतं."

"बरं आहे की."

दुसऱ्या दिवशी रांग बरोबर लागली. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण कुठचं काय!

कारखान्यात रोज नंबराप्रमाणेच लावून भागत नाही. एखाद्या दिवशी मालक म्हणतात तारखेप्रमाणे लावा, एखाद्या दिवशी दुकानाप्रमाणे. म्हणून सूनबाईने प्रोग्रॅममध्ये एक प्रश्न घातला. सुरू केला की तो विचारतो, 'कशाने लावू?' आपण 'नंबर' किंवा 'तारीख' असं लिहायचं, की तो ट्रेमध्ये त्या नावाची गोष्ट शोधतो आणि कामाला लागतो. सूनबाईने लिहून दाखवलं, रांग लागली. मी लिहून बघितलं, माझीसुद्धा लागली. मला तर आनंदाने घाम फुटला. यांनी लिहिलं, तर यंत्र म्हणतंय, 'असं काही सापडलं नाही.'

पुन्हा लिहिलं. सापडलं नाही. सूनबाईने लिहिलं, सापडलं. यांनी लिहिलं, नाही सापडलं. सूनबाई वाकून बघते तर यांनी लिहिलेलं 'नंबरर'. पुढच्या वेळी 'तारीीख'. त्याच्या पुढच्या वेळी 'नंबर' बरोबर, पण 'दुकानन'.

"शुद्धलेखन बघून लिहा ना हो," मी म्हणाले.

"मला शुद्धलेखन येतं!" हे माझ्यावर खेकसले. मी पण गप्प बसणाऱ्यातली नाही. त्या दिवशी आमची चांगलीच जुंपली.

कारखान्यातूनही तेच. एक दिवस बरोबर, दोन दिवस चुकीचं. हे फोन करायचे, सूनबाई आपलं काम सोडून सांगायची, हे लिहायचे, यंत्र नाही म्हणायचं. मालक मागे येऊन उभे राहायचे आणि खाकरायचे. "माझ्यावर खार खाऊन आहे ते," हे मला सांगायचे. "तुमचं ऐकतं, माझं ऐकत नाही. ट्रे समोर दिसतोय, आत नंबर आहे, आणि हे म्हणतं, सापडत नाही. मी काय खोटं बोलतोय का?" महिना सरत आला होता. यांनी जेवण कमी केलं. मी सूनबाईवर चिडले, की असलं कसलं नाठाळ यंत्र दिलंस? सूनबाई कोणावर चिडली असेल ती चिडली, पण बोलली नाही.

तिने एक सोपी वाट काढली. लिहायलाच नको. नंबराने लावायचं असेल तर १ दाबा, तारखेने असेल तर २, दुकानाने असेल तर ३. यांना ते लागलं. "म्हणजे मी अडाणी," म्हणाले. तरी बसले. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, दार उघडंच होतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, तारखेने लावू." यांनी बटण दाबलं. मग यांचा आवाज: "बावीस असा पर्याय नाही म्हणतंय."

"पुन्हा दाबा."

"बावीस."

"अजून एकदा."

आता मला राहवेना. मी सुरी ठेवून दारात आले. सूनबाई पडद्याकडे बघत नव्हती. यांच्याकडेही बघत नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत होती, मान जराशी कलती करून, कोणी दुरून हाक मारतंय असं वाटावं तशी. यांनी पुन्हा बटण दाबलं. मग ती उठली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, माझीच चूक आहे. प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट राहिलीये. तुम्ही जरा फिरून या, मी बघते."

हे फिरायला गेले. ती बसली, काहीतरी शोधलं, इकडे तिकडे खुणा केल्या. प्रोग्रॅमला तिने हातसुद्धा लावला नाही, एवढं मलाही कळलं. मी विचारलं, "काय चुकलं होतं गं?"

"काही नाही, आई."

"मी काय लहान आहे?"

ती माझ्याकडे वळली. "आवाज ऐकला का तुम्ही? बाबा बटण एकदाच दाबतात. पण आवाज दोनदा येतो. टक-टक. त्यांना ते कळतच नाही."

मी खुर्चीत बसले. एवढे दिवस ती टक-टक मी चुलीपाशी उभी राहून ऐकत होते आणि मला वाटत होतं, संगणकाचा आवाजच तसा असतो. कपाची किणकिण मला ऐकू यायची. ही ऐकूनही कळली नाही. डोळे भरून आले ते मी पदराने पुसले आणि कांद्याचं निमित्त केलं. चिरत होते ती पालेभाजी होती.

"मग आता?"

"यात एक सोय असते. तेच बटण लगेच पुन्हा दाबलं गेलं, तर दुसऱ्यांदाचं मोजायचंच नाही. ती चालू केलीये. थोडी जास्तच ठेवलीये." मग म्हणाली, "बदललं काहीच नाही, आई. फक्त मोजताना झाकलं. बाबांना नका सांगू."

हे परत आले, बसले, २ दाबला. रांग लागली. १ दाबला, लागली. मग यांनी सूनबाईला तो जुना, लिहून उत्तर द्यायचा प्रश्न परत आणायला लावला आणि ठासून 'नंबर' लिहिलं. एक अक्षर जास्त नाही. हे खुर्चीत मागे टेकून बसले. "बघितलंस? मी म्हणतच होतो, यंत्रात दोष होता," म्हणाले. मग मला हळूच, अगदी कानाशी: "आणि हातही सुधारलाय गं." 'हात' हा शब्द आमच्या घरात वर्षभरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता. मी म्हटलं, "हो, वाटतंय खरं."

महिना संपला. मालकांनी काही सांगितलं नाही, नुसती टेबलाशेजारी यांच्यासाठी नवी खुर्ची आणून ठेवली. हे रोज वेळेवर जायला लागले. संध्याकाळी खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांचे नंबर सांगायला लागले. एकदा सूनबाईच्या मैत्रिणीला तोंडावर म्हणाले, "मायनस पावणेदोन, आणि तू चष्मा लावत नाहीस." ती खजील झाली. मला मात्र देव पावल्यासारखं झालं.

पण मी आतून गोंधळलेली. यांना खरंच वाटतंय हात सुधारला. खरं सांगावं तर हे मोडून पडतील, न सांगावं तर उद्या पुन्हा चाकावर जाऊन बसतील आणि बोट कापून घेतील. सूनबाईला विचारावं तर ती म्हणणार, 'बघू.' कप उचलताना किणकिण होतीच. ती ऐकली की हे क्षणभर हाताकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मी भांडी घासायला पळायचे.

मग परवाची गोष्ट. हे घरी आले ते जरा वेगळेच दिसत होते. सूनबाई अजून यायची होती. मी चहा टाकला. हे स्वयंपाकघरातच स्टूल ओढून बसले.

"पोस्टमन आला होता," म्हणाले. "जादाचा एक चष्मा करून ठेवायचा म्हणतो, पुन्हा फुटला तर पंचाईत नको. नंबर मीच लिहून घेतला. अकरा."

"बरं."

"यंत्राने एक लिहिला."

मी चहाच्या भांड्याकडेच बघत राहिले.

"पुन्हा लिहिला. पुन्हा एक. मालक म्हणाले, बघू काका. त्यांनी लिहिले, त्यांचाही एकच उमटला. मायनस एक! पोस्टमनला! म्हटलं, हा माणूस परत दारोदार विचारत फिरणार. मग मी एक दाबला, थांबलो, एक श्वास घेतला, आणि दुसरा दाबला. अकरा झाले."

"असं होय," मी म्हणाले.

"मालक म्हणाले, काका, तुमचा लॅपटॉप बिघडलाय, दुसऱ्यांदा दाबलेलं खातो. उद्या दुरुस्तीला पाठवतो. मी म्हटलं, नको. राहू दे तसाच. माझ्या हाताची सवय आहे त्याला."

चहा उतू गेला. मी शेगडी बंद केली, पण हे काही म्हणाले नाहीत. एरवी उतू गेलेल्या चहावरून यांनी मला सोडलं नसतं.

"तुला माहीत होतं," हे म्हणाले.

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच समजलं नाही.

"सूनबाईला सांगू नकोस," हे म्हणाले. "मला कळलंय म्हणून. बिचारीला वाटेल, अंगठा नीट ठेवता आला नाही."

आता तीही म्हणते बाबांना सांगू नका, आणि हेही म्हणतात सूनबाईला सांगू नकोस. मी आपली दोघांच्या ट्रेमध्ये एकाच वेळी बसले आहे. बाहेर दाराशी सूनबाईच्या चपला वाजल्या. मी उरलेला चहा दोन कपांत ओतला आणि यांच्यापुढे यांचा ठेवला. यांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला, डावा त्याच्या जोडीला आणला, आणि माझ्यासमोर, वर्षभरात पहिल्यांदा, कप दोन्ही हातांनी धरून उचलला.